पहाटे साडेतीनची कंबरदुखी

ओपीडीच्या केसपेपरवर तीन अक्षरं पडतात: एलबीए. म्हणजे कंबरदुखी. त्याखाली एक वेदनाशामक गोळी, एक ॲसिडिटीची, कॅल्शियम, आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची व्हिटॅमिन डीची पुडी, आणि ‘पुढे वाकू नका, वजन उचलू नका’. तीन मिनिटांत काम आटोपतं. अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे सुजेने कणा आखडवणारा आजार, झालेल्या माणसाच्या फाइलीत असे कागद वर्षानुवर्षांचे निघतात. पहिल्या दुखण्यापासून नाव मिळेपर्यंत जगभरच सरासरी सहा-सात वर्षं जातात, बायकांची त्याहून जास्त. तेवढ्या काळात आम्हा पेशंटांना काय काय ऐकायला मिळतं? बसून काम आहे ना, म्हणून. बाइक चालवता ना, म्हणून. गादी बदला. पोट कमी करा. टेन्शन घेऊ नका. तुमच्या वयात कसली कंबर दुखते? बाईमाणूस असेल तर ‘बाळंतपणानंतर व्हायचंच’, आणि सिझेरियन झालेलं असेल तर ‘तेव्हा मणक्यात इंजेक्शन दिलं होतं ना’ हे घरापासून दवाखान्यापर्यंत सगळे सांगतात. त्या सुईची जागा काही दिवस दुखते. वर्षानुवर्षं पहाटे उठवणारं दुखणं तिच्या माथी मारता येत नाही.

तरी डॉक्टरांची बाजू आधी मांडायला हवी. जुनाट कंबरदुखीच्या शंभर पेशंटांत या आजाराचे निघतात साधारण पाचेक. उरलेल्यांची कंबर खरोखरच बसण्या-उठण्याने, स्नायूंनी, वयाने दुखते, आणि ते बहुतेक त्याच गोळ्यांनी आणि व्यायामाने बरे होतात. साठ केसपेपरांच्या सकाळी ते पाच ओळखायचे तर पेशंटने स्वतःच्या तोंडून नेमकी ती माहिती द्यावी लागते जिने पाच आणि पंचाण्णव वेगळे होतात. आपण नेमकी तीच सोडून बाकी सगळं सांगत बसतो.

डॉक्टर विचारतात ‘कुठे दुखतं?’ आणि आपण कमरेवर हात ठेवतो. तिथे निम्मी केस हातची जाते. कारण या आजारात ‘कुठे’पेक्षा ‘कधी’ महत्त्वाचं. चाळिशीच्या आत सुरू झालं का? नेमकी तारीख सांगता येणार नाही असं हळूहळू आलं का? हालचालीने, व्यायामाने हलकं होतं का? झोपून, आराम करून उलट तसंच राहतं का? रात्री जाग आणतं आणि उठून चालल्यावर कमी होतं का? तज्ज्ञांनी ठरवलेले प्रश्न हे पाचच, आणि पैकी चारांचं उत्तर ‘हो’ आलं तर दुखणं सुजेचं, म्हणजे इन्फ्लमेटरी, असण्याचा संशय रास्त ठरतो. दुखणं तीन महिन्यांहून जुनं असायला हवं, हे गृहीत. वजन उचलल्याने आलेली कंबर याच्या अगदी उलट वागते: झोपलं की बरं वाटतं, कामाला लागलं की वाढते.

शब्दही जपून वापरावे लागतात. मराठीत दुखण्याला शब्द भरपूर, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. ‘उसण भरली’ म्हटलं की ऐकणारा समजतो, झटक्यात स्नायू धरला. ‘चमक येते’, ‘मुंग्या येतात’ म्हटलं की त्याचं लक्ष दबलेल्या नसेकडे जातं, मग सायटिका, मग ट्रॅक्शन. या आजाराचा शब्द आहे ‘आखडणं’. सकाळी कंबर लाकडासारखी होते, मोजे घालता येत नाहीत, आणि अर्ध्या-पाऊण तासाने, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर सुटते. ‘फार दुखतं हो’ या वाक्याने केसपेपरवर काहीच उमटत नाही. ‘रोज साडेतीन-चारला जाग येते, दहा मिनिटं घरात फेऱ्या मारल्या की परत झोपता येतं, सकाळी सहाला उठल्यावर सात वाजेपर्यंत वाकता येत नाही’ हे वाक्य मात्र लिहून घेतलं जातं. आणखी एक खूण सांगायला लोक लाजतात: कुल्ल्यात दुखणं, तेही कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आलटून पालटून. ‘मागे खाली’ असं मोघम सांगू नका. बोट ठेवून दाखवा. नसेचं दुखणं बहुधा एकच बाजू धरतं आणि गुडघ्याखाली उतरतं. हे सहसा उतरत नाही.

नावाचा घोळ वेगळाच. आपल्याकडे मान दुखली की ‘मला स्पॉन्डिलायटिस आहे’ म्हणायची पद्धत आहे. त्या बहुतेक जणांना असतो स्पॉन्डिलोसिस, म्हणजे वयाने होणारी मणक्यांची झीज. शेवटच्या दोन-तीन अक्षरांचा फरक, पण आजार दोन टोकांचे. झीज पन्नाशीत बहुतेकांना होते. अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच कण्याच्या सांध्यांवर उलटते, सूज येते, आणि काही जणांत वर्षांनी मणके हाडानेच एकमेकांना जोडले जाऊन कणा ताठ होतो. नावाच्या या घोळामुळे निदान झालं तरी घरी ते सांगितल्यावर आत्या म्हणते, ‘मलापण आहे गं, पट्टा लाव.’

पट्ट्यावरून आठवलं. पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घेणं, कुणाकडून तरी कंबर तुडवून घेणं, केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घेणं हे सगळं बंद. जुळत चाललेला कणा काचेच्या नळीसारखा मोडतो. उद्या साधं घसरून पडल्यावर नवीन, वेगळं दुखणं सुरू झालं तर साध्या एक्स-रेवर विसंबू नका. अशा कण्यातली चीर एक्स-रेत सुटते. सीटी किंवा एमआरआय मागा.

डॉक्टरकडे जाण्याआधीची तयारी दोन आठवड्यांची. वहीचं एक पान रोजचं, त्यावर चार आकडे: रात्री किती वाजता जाग आली, सकाळी किती मिनिटं आखडलेलं होतं, गोळी कोणती, किती मिलिग्रॅम आणि किती वाजता घेतली, आणि दिवसाचं दुखणं 0 ते 10 मध्ये किती. गोळीची नोंद सगळ्यात मोलाची. सूज उतरवणारं वेदनाशामक पूर्ण मात्रेत घेतल्यावर 24 ते 48 तासांत बरंच हलकं वाटणं आणि थांबवल्यावर दुखणं परत येणं, ही या आजाराची खूण आहे. अनेक जण मात्र असह्य झालं की अर्धी गोळी घेतात आणि सांगतात, पेनकिलरने फरक पडत नाही. उलट ‘गोळीने बरं वाटतं’ म्हटलं की काही डॉक्टर म्हणतात, मग काही विशेष नाही. म्हणून आकडे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातलं इंजेक्शन किंवा नाव नसलेल्या पुड्या घेतल्या असतील तर तेही लिहा. त्यांत स्टेरॉइड असू शकतं, आणि त्याने चित्र झाकलं जातं.

कण्याची लवचीकता घरी टेपने मोजता येते. मोजणाऱ्याला मागे बसवा. कमरेच्या खाली दोन बाजूंना खळ्या दिसतात. त्या जोडणारी आडवी रेषा कण्याला जिथे छेदते तिथे स्केचपेनने एक खूण. तिथून 10 सेंटिमीटर वर दुसरी, 5 सेंटिमीटर खाली तिसरी. उभं असताना वरची ते खालची अंतर 15. आता गुडघे न वाकवता जितकं वाकवेल तितकं पुढे वाका आणि तेच अंतर पुन्हा मोजा. निरोगी तरुण पाठीत ते 20 किंवा त्याहून जास्त भरतं. 5 सेंटिमीटरने वाढलं नाही तर कंबर कमी वाकते आहे. इथे फसायला होतं ते असं: बोटं जमिनीला टेकतात म्हणून माणूस खूश होतो, पण ते वाकणं खुब्यातलं असू शकतं, कण्यातलं नव्हे. टेप ते पकडते. सकाळची मोजणी आणि संध्याकाळची वेगळी येते, म्हणून वेळ लिहा. दुसरी चाचणी भिंतीची: टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून, हनुवटी नेहमीच्या उंचीवर ठेवून डोकं मागे न्या. डोकं भिंतीला टेकायला हवं. न टेकल्यास राहिलेली फट सेंटिमीटरमध्ये लिहा. मोजमाप ठीक आलं म्हणून आजार नाही असं होत नाही. सुरुवातीला ते ठीकच येतं. उपयोग असा की पुढच्या वर्षी तुलनेला आकडा हाती राहतो.

तपासण्यांत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते एमआरआयच्या खिडकीवर. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘एमआरआय एलएस स्पाइन’. तंत्रज्ञ कंबरेचे मणके काढतो आणि रिपोर्ट येतो: एल4-एल5 चकतीला किंचित फुगवटा. झालं, पेशंटला ‘गॅप’ मिळाला, आणि पुढची तीन वर्षं त्या गॅपची. असा फुगवटा कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांत शंभरात 30 जणांना सापडतो, पन्नाशीत 60 जणांना. रिपोर्ट खोटा नसतो, पण त्याने दुखण्याचं कारण सापडलं असंही नव्हे. हा आजार बहुधा सुरू होतो तो कण्याचा खालचा त्रिकोणी भाग आणि कटीची हाडं जिथे जुळतात त्या दोन सॅक्रोइलियाक सांध्यांत, मघाच्या त्या खळ्यांच्या खाली. कंबरेच्या एमआरआयमध्ये ते चौकटीबाहेर राहतात किंवा कडेला अर्धवट येतात. म्हणून चिठ्ठीवर ‘सॅक्रोइलियाक जॉइंट्स’ हे शब्द असायला हवेत, आणि सोबत ‘सेमीकोरोनल, टी1 आणि स्टर’, म्हणजे चित्र कोणत्या दिशेने आणि कोणत्या पद्धतींनी काढायचं ते. स्टर या पद्धतीत चरबीचा उजेड दाबला जातो आणि पाण्याचा उरतो, त्यामुळे हाडाच्या आतली ताजी सूज पांढरी चमकते. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन यासाठी सहसा लागत नाही. नंबर लावतानाच खिडकीवर चिठ्ठी दाखवून ‘हेच काढणार ना?’ विचारा, मशीनमध्ये आडवं झाल्यावर उशीर झालेला असतो.

त्याआधी स्वस्तातला एक्स-रे असतोच: पेल्व्हिसचा, समोरून. कंबरेचा बाजूने काढलेला नव्हे. त्यावर या सांध्यांतले बदल 0 ते 4 असे मोजतात. 1984च्या जुन्या निकषांप्रमाणे दोन्ही बाजूंना किमान 2 किंवा एका बाजूला 3 दिसल्याशिवाय आजाराला हे नावच देता येत नसे, आणि एक्स-रेत तेवढं दिसायला कित्येक वर्षं लागतात. 2009मध्ये निकष बदलले: एमआरआयमध्ये सूज दिसली आणि सोबत आजाराचं आणखी एक लक्षण असलं तरी पेशंट गणला जातो. जुन्या पुस्तकावर वाढलेला डॉक्टर ‘एक्स-रे नॉर्मल, तुम्हाला काही नाही’ म्हणतो तेव्हा तो या बदलाआधीचं बोलत असतो. बायकांत एक्स-रेतले बदल आणखी हळू येतात, दुखणं मानेत आणि पाठीच्या वरच्या भागात जास्त असू शकतं, मग फायब्रोमायल्जिया, म्हणजे सूज नसलेली अंगभर दुखण्याची व्याधी, म्हणून वाटेला लावलं जातं. उलटी चूकही होते, हे सांगायला हवं: नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या या सांध्यांत ताणानेही सूज दिसते, नेमाने धावणाऱ्यांतही. एमआरआय एकटा निकाल देत नाही.

रक्ताच्या तपासण्या दोन प्रकारच्या. ईएसआर आणि सीआरपी सूज मोजतात, पण या आजारात बऱ्याच जणांत, निम्म्यांच्या आसपास, त्या नॉर्मल येतात. ‘रक्त साफ आहे’ या वाक्यावर फाइल बंद होऊ देऊ नका. दुसरी एचएलए-बी27. ती आयुष्यात एकदाच करायची, उपाशीपोटी जायची गरज नाही. फ्लो सायटोमेट्री या पद्धतीने काठावरचं उत्तर आलं तर पीसीआर या दुसऱ्या पद्धतीने खात्री करतात. हा जीन्सचा मामला आहे: आजाराचे बहुसंख्य पेशंट पॉझिटिव्ह असतात, पण पॉझिटिव्ह असलेल्या बहुसंख्यांना हा आजार कधीच होत नाही. म्हणून नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर घाबरू नये, निगेटिव्हवर निर्धास्त होऊ नये. युरिक ॲसिड आणि आरए फॅक्टर या तपासण्या आपल्याकडे सरसकट लिहितात. या आजाराबद्दल त्या काही सांगत नाहीत.

कुणाकडे जायचं? हाडांच्या डॉक्टरकडे नव्हे, संधिवाततज्ज्ञाकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे. हाडांचे डॉक्टर सर्जन असतात आणि ऑपरेशन लागणारं दुखणं शोधतात. ते सापडलं नाही की त्यांच्या दृष्टीने सुटलात. संधिवाततज्ज्ञ मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत एकवटले आहेत, म्हणून तालुक्याहून जाणाऱ्याने एका खेपेत काम होईल असंच जावं. सगळ्या एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी, नुसते रिपोर्ट नव्हेत. तज्ज्ञ चित्र स्वतः बघतो. आधी भरती झाला असाल तर त्या इस्पितळातली कागदपत्रं मागा. मेडिकल कौन्सिलच्या 2002च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यावर 72 तासांत ती द्यावी लागतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

आणि एक पान. एकच. वर वय, दुखणं सुरू झाल्याचं वर्ष. मग जागेची वेळ, आखडण्याची मिनिटं, गोळीचा परिणाम. मग ज्याचा कमरेशी संबंध नाही असं वाटतं ते: कधी डोळा लाल होऊन उजेड सहन न होणं, टाचेत सकाळी टोचणं, सोरायसिस, महिनोन्‌महिने पोट बिघडून रक्त पडणं, एखादं बोट अख्खं सुजणं, आणि आईवडील-भावंडांत असं कुणी वाकलेलं किंवा ताठलेलं. ही लक्षणं याच कुळातली आहेत, पण डोळ्याचा कागद डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणि टाचेचा हाडांच्या डॉक्टरकडे पडून राहतो, एकत्र कुणी वाचत नाही. इंटरनेटवरच्या प्रिंट नेऊ नका. त्या बघताच डॉक्टरचा चेहरा बंद होतो. आजाराचं नाव आपण घेण्यापेक्षा प्रश्न विचारा: ‘हे दुखणं इन्फ्लमेटरी असू शकतं का? नसेल तर कशावरून नाही म्हणता, तेवढं केसपेपरवर लिहाल का?’ आवाज चढवायची गरज पडत नाही. लिहायची वेळ आली की माणूस पुन्हा एकदा विचार करतो, आणि बऱ्याचदा टेबलावर झोपवून सांधे दाबूनही बघतो.

एक मात्र वेगळं ठेवा. लघवी अडली, बैठकीचा भाग बधिर झाला, पाऊल लुळं पडलं, तर वही नाही, पान नाही, त्याच दिवशी मोठं इस्पितळ. ताप, रात्री घाम आणि वजन उतरणं असेल तर मणक्याचा टीबी आधी बघावा लागतो. आपल्याकडे तो विसरून चालत नाही.

निदान झाल्यावर उपचार त्याच वेदनाशामकांनी सुरू होतात, याचं अनेकांना वाईट वाटतं. फरक मात्रेचा आणि सातत्याचा. नॅप्रोक्सेन असेल तर 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, रोज, दोन ते चार आठवडे. नाही जमलं तर दुसरं औषध तितकेच दिवस. पोटाचं संरक्षण, रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) यांवर लक्ष ठेवून, डॉक्टरांच्या हातून. सल्फासॅलाझिन गुडघा-घोट्यासाठी चालतं, कण्याला फारसं काही करत नाही. नुसती कंबर दुखत असताना ते वर्षभर दिलं जात असेल तर का, हे विचारावं. व्यायाम रोज: कणा मागे वाकवायचे, पोहणे, खोल श्वास. सिगारेट ओढणाऱ्यांचा कणा लवकर जुळतो.

पुढची पायरी ठरते एका अंकाने, त्याला बासडाय म्हणतात. सहा प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 10. थकवा, पाठीचं दुखणं, इतर सांधे, दाबल्यावर दुखणाऱ्या जागा, आखडण्याची तीव्रता, आणि आखडण्याचा वेळ, ज्यात दोन तास म्हणजे 10. शेवटच्या दोघांची सरासरी काढायची, ती पहिल्या चारांत मिळवायची, बेरजेला 5ने भागायचं. समजा 6, 7, 2, 5 आणि मग 8, 6. सरासरी 7, बेरीज 27, उत्तर 5.4. चार किंवा त्याहून वर म्हणजे आजार जागा आहे. दोन वेदनाशामकं पूर्ण मात्रेत देऊनही हा अंक चारच्या खाली येत नसेल तर बायोलॉजिक इंजेक्शनांचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतला सूज आणणारा दुवा रोखणाऱ्या औषधांचा, विचार होतो. ‘सोसवत नाही हो’ म्हणण्यापेक्षा 5.4 सांगितलेलं लवकर ऐकू येतं, हे खेदाचं आहे पण तसंच आहे.

इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, आणि टीबीसाठी मॅन्टू (हाताच्या त्वचेत टोचून करायची चाचणी) किंवा इग्रा (रक्ताची चाचणी). मॅन्टू 48 ते 72 तासांत वाचावी लागते आणि मोजायचा तो कडक फुगवटा, लाली नव्हे. 5 मिलिमीटर झाला तरी या उपचारासाठी तो पॉझिटिव्ह धरतात. गुरुवारी टोचून घेतलीत तर शनिवार-रविवारी वाचणारं कुणी भेटेल का, हे आधीच विचारा. सुप्त टीबी निघाला तर त्याच्या गोळ्या आधी सुरू होतात आणि साधारण महिनाभराने इंजेक्शन. या इंजेक्शनांपैकी ॲडॅलिमुमॅब दर दोन आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम, पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली. 2014च्या डिसेंबरात त्याचं भारतीय बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं जवळपास तसंच औषध, बाजारात आलं, तेव्हापासून निवड वाढली, तरी खर्च जाणवतोच. विम्याचा दावा करायचा असेल तर घरी टोचलेलं इंजेक्शन ओपीडीत धरतात का, हे कंपनीकडून लेखी मागा. आणि केसपेपरवर ‘पाच वर्षांपासून त्रास’ असं लिहिलं जाणार हे गृहीत धरून पॉलिसी घेताना दुखणं लपवू नका.

इंजेक्शन 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवायचं, फ्रीजरमध्ये कधीच नाही. गोठलेलं इंजेक्शन वितळलं तरी फुकट. गावाकडे रात्रभर लाइट जाते तिथे थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी, मध्ये टॉवेलची घडी, मग इंजेक्शन; बर्फाला थेट टेकलं तर तेही गोठतं. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवलं की कमी झोंबतं.

आणि डोळा. उपचार चालू असोत वा नसोत, एक डोळा लाल होऊन दुखला आणि उजेड टोचू लागला तर मेडिकलमधून थेंब आणून घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि दारातच सांगा की अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, आतली सूज असू शकते, स्लिट लँपवर (डोळ्याच्या आतलं बघायच्या यंत्रावर) बघा. नाही सांगितलं तर डोळे आल्याची औषधं मिळतात.